किलवर नसलेला वन क्लब

भुसावळच्या आमच्या चौकडीत ब्रिज हा पत्त्यांचा खेळ आला तो रेल्वेमुळे. आबा कंट्रोल ऑफिसातून रिटायर झालेले. नोकरीला लागले तेव्हा इन्स्टिट्यूटमध्ये साहेबलोक खेळत, त्यांच्या खुर्चीमागे उभं राहून खेळ उचलला, असं ते सांगतात. मी जळगावला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. रविवारी दुपारी गाडीत बसलं की अर्ध्या तासात भुसावळ. आबा माझे पार्टनर, आणि आमच्याविरुद्ध एक डॉक्टर आणि एक रिटायर्ड प्राध्यापक. प्राध्यापकांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारभर कूलरसमोर बसून पत्ते खेळायला भुसावळात कोणाला कारण द्यावं लागत नाही.

ब्रिजमध्ये खेळण्याआधी बोली लागते: वन स्पेड म्हणजे इस्पिक हुकूम आणि सहाच्या वर एक, म्हणजे सात हात करायचा वायदा. बोलीतूनच पार्टनरला आपली पानं कळवायची असतात. आमची बोलीची पद्धत साधी होती. इस्पिक पाच असतील तर वन स्पेड, बदाम पाच असतील तर वन हार्ट. एक्क्याचे ४ पॉइंट, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. सगळा कॅट मिळून ४०. बारा-तेरा झाले की तोंड उघडायचं. एकच बोली बनावट होती, टू क्लब. तिचा किलवरशी काही संबंध नाही. 'माझ्याकडे २२ किंवा जास्त आहेत, आत्ता पास म्हणू नका', एवढाच तिचा निरोप. ही बोली जगभर चालते, आम्हालाही तिचं कधी नवल वाटलं नाही.

मग एका रविवारी माझ्याकडे १९ पॉइंट आले. टू क्लबला कमी, म्हणून मी वन स्पेड म्हटलं. आबांकडे जेमतेम चार पॉइंट आणि इस्पिकची तीन बारकी पानं. त्यांनी पास केलं, आणि मी वन स्पेडमध्ये दहा हात करून बसले. फोर स्पेड्स, म्हणजे दहा हात, बोललो असतो तर बक्षिसाचे जादा गुण मिळाले असते. त्याला गेम म्हणतात, तो गेला. बोलीत आमच्यापैकी कोणीही चुकलं नव्हतं, आणि आबांची तक्रार नेमकी हीच होती. "चुकलो असतो तर बरं होतं ताई, सुधारता आलं असतं. इथं पद्धतच आडवी येते. आपण प्रिसिजन घेऊ."

प्रिसिजनमध्ये वन क्लब म्हणजे १६ किंवा जास्त पॉइंट. पानं कशीही असोत. हातात किलवरचं एकही पान नसलं तरी बोली वन क्लबच, आणि पार्टनरने त्यावर पास करायचं नाही. त्याच्याकडे ० ते ७ असतील तर त्याने वन डायमंड म्हणायचं. त्यातही चौकट असण्याची गरज नाही. आबांनी मला हे त्यांच्या भाषेत समजावलं: स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनला 'लाइन क्लिअर' मागतो, तेव्हा गाडीत काय माल भरलाय याची चर्चा होत नसते. आधी रस्ता मोकळा आहे का ते ठरतं.

आबांना इतिहास सांगायचा सोस आहे, आणि कूलरची मोटर बंद पडली की तो जास्तच उफाळतो. हॅरॉल्ड व्हॅंडरबिल्ट या अमेरिकन धनाढ्याने १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची आजची गुणपद्धत बसवली, हे ब्रिज खेळणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. पण याच माणसाने बनावट वन क्लब आणि त्यावर नकाराचा वन डायमंडही मांडला होता, हे मला आबांकडूनच कळलं. म्हणजे खेळाइतकीच जुनी ही बोली. पुढे सी. सी. वेई या जहाजांच्या धंद्यातल्या चिनी गृहस्थाने १९६० च्या दशकात तिच्याभोवती प्रिसिजन उभं केलं. तैवानचा संघ १९६९ मध्ये हीच पद्धत घेऊन बर्म्युडा बाऊल या जागतिक स्पर्धेत उतरला, आणि ज्याचं कोणी नावही घेत नव्हतं तो संघ थेट फायनलला पोचला. तिथे इटलीने त्यांना हरवलं. गंमत अशी की तेव्हा जग जिंकणाऱ्या इटलीच्या खेळाडूंमध्येही ताकदीच्या वन क्लबचीच चलती होती.

मला इतिहासापेक्षा हिशेब पटतो. घरी येऊन आकडे मांडले. तेरा पानांत १६ किंवा जास्त पॉइंट येण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास. २२ आणि वर येण्याची शक्यता दोनशेहून जास्त वाटपांत एकदा. म्हणजे टू क्लब ही अख्खी बोली आम्ही वर्षाकाठी मोजक्या वेळा येणाऱ्या पाहुण्यासाठी अडवून ठेवली होती, आणि एवढं करून तो आला की बोली दोनच्या पातळीवर सुरू. टू क्लब, टू डायमंड, टू स्पेड्स. एवढ्यात निम्मी जागा संपली. तीच पानं प्रिसिजनमध्ये वन क्लब, वन डायमंड, वन स्पेड. एक पूर्ण पातळी वाचते.

पण त्या कागदावर मला जास्त महत्त्वाचा वाटला तो तिसरा आकडा. ११ ते १५ पॉइंट असलेली पानं शंभरात चौतीस वेळा येतात. म्हणजे ज्या पानांवर आपण वन क्लब *म्हणत नाही*, ती तिपटीहून जास्त वेळा येतात. आणि वन क्लब नाही म्हटलं, की पार्टनरला आपोआप कळतं की आपल्याकडे १५ च्या वर नाहीत. साध्या पद्धतीत वन स्पेड म्हणणाऱ्याकडे १२ असतील किंवा २० ही असतील; पार्टनर दोन फेऱ्या चाचपडत राहतो. इथे पहिल्या शब्दातच छत ठरतं. मी आबांना फोन करून म्हटलं, "आबा, ही पद्धत वन क्लबसाठी घ्यायचीच नाही. बाकीच्या बोल्यांसाठी घ्यायची." पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "घ्यायची ना पण?"

चौकटीची दोनशेपानी वही आणली. वन क्लबचं पान चहा निवायच्या आत भरून झालं. वन डायमंड म्हणजे ० ते ७. वन हार्ट, वन स्पेड, टू क्लब, टू डायमंड म्हणजे आठ किंवा जास्त आणि त्या रंगाची पाच पानं. इथून पुढे गेम होईपर्यंत कोणी थांबायचं नाही. वन नो ट्रम्प (हुकूमच नाही) म्हणजे आठ ते दहा, पानं समतोल. संपलं. खरी झटापट पुढच्या पानावर सुरू झाली. वन क्लब ताकदीला दिलं, तर मग १३ पॉइंट आणि किलवरची सहा पानं असलेल्या बिचाऱ्याने म्हणायचं काय? त्याने टू क्लब म्हणायचं. आणि ज्याच्याकडे पाच बदाम नाहीत, पाच इस्पिक नाहीत, लांब किलवर नाही, नो ट्रम्पचे १३ ते १५ नाहीत, पण तोंड उघडण्याइतकं आहे, अशा सगळ्या अनाथांना वन डायमंडमध्ये घालायचं. आमच्या वहीत वन डायमंडसमोर आबांनी 'चौकट निदान दोन' असं लिहिलंय. दोन! तिच्यावर पार्टनर चौकटीचा भरवसा धरू शकत नाही, आणि हे प्रिसिजनचं सगळ्यात लेचंपेचं अंग आहे. हे मान्य न करता जो प्रिसिजनची जाहिरात करतो त्याने ती पुरेशी खेळलेली नाही.

सरावाचा प्रश्न वेगळाच निघाला. हाताने पानं वाटून बसलो तर एकेकाला दहातल्या नऊ वेळा वन क्लब येतच नाही. आबांच्या नातवाने तो सोडवला. ब्रिज बेस ऑनलाइनवर नुसतं बोली लावायचं टेबल उघडता येतं, आणि एका बाजूला १६ च्या वरचीच पानं यावीत अशी अट घालता येते. रात्री जेवणं झाली की मी जळगावात आणि आबा भुसावळात, फोन कानाला न लावता, फक्त बोल्या लावत बसायचो. डाव खेळायचाच नाही. बोली संपली की दोघांची पानं उघडी करून बघायची आणि वहीत भर घालायची. ऑनलाइन एक शिस्तही लागली. तिथे बनावट बोली करणाऱ्यानेच तिचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांसाठी लिहायचा असतो. प्रत्यक्ष टेबलावर नेमकं उलटं. बोली करणाऱ्याने गप्प राहायचं, त्याच्या पार्टनरने 'अलर्ट' द्यायचा, आणि समोरच्याने विचारलं तर अर्थही पार्टनरनेच सांगायचा.

डिसेंबरात यावलकडे डॉक्टरांच्या मळ्यात भरीत पार्टी होती. पार्टी म्हणजे काय ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको: काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी, कळण्याच्या पुऱ्या, आणि भरीत होईपर्यंत रिकामा वेळ. आम्ही केळीच्या कडेला सतरंजी टाकून पत्ते मांडले. डॉक्टरांचा सालदार माझ्या पाठीमागे येऊन उकिडवा बसला. गावात मेंढीकोटला त्याच्या वाटेला कोणी जात नाही, हे मला नंतर कळलं. माझ्याकडे चार इस्पिक, पाच बदाम, चार चौकट; किलवर शून्य; पॉइंट १९. मी वन क्लब म्हटलं. आबांनी "अलर्ट" असं खणखणीत सांगितलं. सरांनी विचारलं, आबांनी उत्तर दिलं, "सोळा किंवा जास्त, पानं कशीही." पुढे आबांचा वन डायमंड, माझा वन हार्ट, आबांनी बदामाला साथ दिली, मी फोर हार्ट्सला थांबले. दहा हात झाले. डाव संपेपर्यंत सालदार शहाण्यासारखा गप्प होता. मग म्हणाला, "ताई, किलवर बोलल्या ना तुम्ही? मंग किलवर कुठी आहे?"

मी सांगितलं, ते ठरवलेलं आहे, आबांना कळतं.

"म्हंजे खुणा," तो खूश होऊन म्हणाला. "आमी कान खाजवतो."

त्यावर डॉक्टर जोरात हसले, कारण त्यांचीही पहिल्या दिवसापासून हीच कुरकुर होती. मेंढीकोटात भिडूला खूण करणं आणि ती दुसऱ्याला न कळू देणं यात अर्धी मजा असते. ब्रिजमध्ये त्याच्या बरोबर उलट कायदा आहे. तुमचा आणि पार्टनरचा जो करार असेल तो समोरच्यांना तुमच्याइतकाच माहीत असायला हवा. लपवलेला करार म्हणजे फसवणूक. स्पर्धेत तर अख्खी पद्धत छापील कार्डावर भरून टेबलावर ठेवावी लागते. मी हे सालदाराला सांगितलं. तो थोडा विचार करून म्हणाला, "सगळं सांगून टाकायचं, मंग जिंकायचं कसं?" तेवढ्यात पुऱ्या आल्या.

सरांनी या प्रश्नाचं उत्तर आपल्या बाजूने शोधलं. त्यांना आमचं गुपित नको होतं. आमची जागा हवी होती. वन क्लब म्हणणाऱ्याने अजून आपला एकही रंग सांगितलेला नसतो. अशा वेळी मधल्या माणसाने घुसून वरची बोली केली की सगळी वाचवलेली पातळी गेली. सर पाच-सहा पॉइंटवर बेधडक उडी मारायला लागले. माझा वन क्लब, सरांचा थ्री हार्ट्स, आणि आबा कपाळाला हात लावून बसलेले. शिवाय सरांनी मॅथे नावाचा बचावही उचलला: वन क्लबवर डबल (एरवी अर्थ 'तुमची बोली पडणार, गुण वाढवा') म्हटलं तर इस्पिक आणि बदाम दोन्ही, वन नो ट्रम्प म्हटलं तर चौकट आणि किलवर दोन्ही. म्हणजे आता डॉक्टरांवर अलर्ट द्यायची पाळी आली. कुरकुर करणारे डॉक्टर "अलर्ट!" असं म्हणताना इतके खुलायचे की विचारू नका.

वहीतली सर्वांत जास्त पानं या घुसखोरीनेच खाल्ली. शेवटी आम्ही ठरवलं ते असं: कोणी घुसलं आणि पार्टनरकडे ० ते ४ असतील तर पास, ५ ते ७ असतील तर डबल, म्हणजे 'थोडंफार आहे, तुमचा रंग सांगा', आठ किंवा जास्त असतील आणि रंग असेल तर सरळ रंग. फार उंच उडी मारली, म्हणजे थ्रीच्या पुढे, तर डबलचा अर्थ बदलतो. याहून हुशार रचना लोक खेळतात. आम्हाला जी रात्री अकरा वाजता दमलेल्या डोक्यालाही आठवते ती बरी वाटली.

मग नाशिकला टीम-ऑफ-फोर खेळायला गेलो. या प्रकारात एका संघाच्या दोन जोड्या दोन वेगळ्या टेबलांवर बसतात, आणि तीच पानं दोन्हीकडे खेळली जातात. मी आणि आबा एका टेबलावर दक्षिण-उत्तर. डॉक्टर आणि सर दुसरीकडे पश्चिम-पूर्व. मला दिवसभरात वन क्लब फारसा आलाच नाही. लक्षात राहिला तो डाव वन क्लब नसलेला.

दोन्ही बाजू नॉन-व्हल्नरेबल, म्हणजे बोली पडली तर दंड कमी. माझ्याकडे इस्पिक एक्का, राणी, ९, ७, ४. बदाम राजा, ५. चौकट राणी, गुलाम, ८, ३. किलवर ७, २. बारा पॉइंट. वन स्पेडचं कार्ड काढलं. पश्चिमेचा पास. आबांनी बिडिंग बॉक्समधून थेट फोर स्पेड्सचं कार्ड काढून ठेवलं. पूर्वेला बसलेल्या तरुण मुलाने बराच वेळ पानांकडे बघितलं आणि मला विचारलं, "फोर स्पेड्स म्हणजे?"

मी जसं होतं तसं सांगितलं. "इस्पिकला साथ आहे. पानं कमजोर असतील किंवा चांगलीही असतील. मी १५ च्या वर नाही हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे स्लॅम नाही असं वाटलं तर ते इथेच थांबतात."

(स्लॅम म्हणजे बारा किंवा तेरा हातांची बोली.) तो आणखी थोडा विचार करून फाइव्ह क्लब्ज म्हणाला. त्याला दोष देता येत नाही. त्याच्याकडे किलवर एक्का, राणी, गुलाम, १०, ८, ५ अशी सहा पानं, चौकट एक्का, ६, बदाम राणी, गुलाम, १०, ४ आणि इस्पिक एकटी तिर्री. चौदा पॉइंट. बहुतेकांच्या पद्धतीत वन स्पेडवर फोर स्पेड्सची उडी म्हणजे लांब इस्पिक आणि बाकी नन्नाचा पाढा. तेव्हा आपल्या पार्टनरकडे काहीतरी असणारच, असा त्याने हिशेब केला. आबांनी शांतपणे डबलचं लाल कार्ड ठेवलं. त्यांच्याकडे इस्पिक राजा, गुलाम, ६, २. बदाम एक्का, ८, ३. चौकट राजा, ७, ४. किलवर राजा, ९, ३. त्यांचेही चौदा! पश्चिमेची पानं डमी म्हणून, म्हणजे सगळ्यांसमोर उघडी, खाली आली तेव्हा त्यांत एकही चित्र नव्हतं. त्या मुलाचा एक हात इस्पिकात गेला, दोन बदामात, एक चौकटीत, एक किलवरच्या राजाला. अकराऐवजी आठच हात. तीन कमी, डबल, आम्हाला ५००.

आमचा फोर स्पेड्स झाला असता, पण त्याचे ४२०.

सुट्टीत दुसऱ्या टेबलाशी ताडून बघितलं. तिथे तीच चौदा पॉइंटची पानं सरांकडे आली होती. त्यांच्या समोरचे साधी पद्धत खेळत होते. वन स्पेडवर उत्तरेने टू नो ट्रम्प म्हटलं. हीही एक बनावट बोली, जेकबी नावाची, म्हणजे 'इस्पिकची चार पानं आहेत आणि गेमची ताकद आहे'. मग दक्षिणेने फोर स्पेड्स. "पलीकडच्याने आधीच ताकद सांगून टाकली," सर म्हणाले, "मग मी कशाला मध्ये पडतो?" त्यांनी पास केलं आणि ४२० दिले. उत्तरेच्या त्या माणसाला विचारावंच लागलं होतं, कारण त्याच्या पार्टनरचे पॉइंट २० पर्यंत असू शकत होते. आबांना विचारायची गरज पडली नाही, म्हणून समोरच्याला काही ऐकूही आलं नाही. सालदाराच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या सुट्टीत, वडापाव हातात असताना सापडलं: करार सगळा सांगायचा असतो, पानं सांगायची नसतात, आणि ज्या पद्धतीत पानं कमी सांगून भागतं ती पद्धत बरी.

मग डॉक्टरांनी स्कोअरकार्डावर फरक मांडला. ८० पॉइंट, म्हणजे आयएमपीच्या (संघांच्या स्पर्धेत मोजायचे गुण) तक्त्याप्रमाणे दोन. एवढ्या कौतुकाच्या डावाचे दोनच! त्याच्या पुढच्याच डावात एका सरळ नो ट्रम्पमध्ये आमचे दहा गेले, त्याचा प्रिसिजनशी काही संबंध नव्हता. संघ मधल्या नंबरांत राहिला. परतीच्या गाडीत आबा मनमाडपर्यंत तो फोर स्पेड्सच सांगत होते, मनमाडनंतर झोपले.

आता आमचं प्रिसिजन बसलंय असं म्हणायला हरकत नाही. टू क्लब अजून खुपतं. किलवर सहा आणि बाजूला चार बदाम असली पानं घेऊन एकदम दोनच्या पातळीवर उभं राहायचं, आणि मग सर शांतपणे टू स्पेड्स म्हणतात. वन डायमंडवरही भांडणं होतातच.

आबांची नजर सध्या टू डायमंडवर आहे. प्रिसिजनमध्ये ती बोली चौकट नसलेल्या किंवा एकच असलेल्या, बाकी तिन्ही रंग भरलेल्या पानांसाठी राखलेली असते, आणि असली पानं वर्षात क्वचित येतात. त्याऐवजी इंग्लंडच्या टेरेन्स रीस आणि जेरेमी फ्लिंट यांनी काढलेला मल्टी घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. मल्टीत टू डायमंड म्हणजे सहा बदाम नाहीतर सहा इस्पिक, दोन्हींपैकी कोणते ते सांगायचं नाही, पॉइंट थोडे. किंवा मग एकदम भारी समतोल पानं. समोरच्यांना रंगच माहीत नाही तर ते घुसणार कशात, हा आबांचा मुद्दा. पार्टनरलाही माहीत नसतो, हा माझा. शिवाय भारी पानं आमच्या वन क्लबमध्ये आधीच जातात, मग मल्टीचा तो भाग घ्यायचा कशाला? आणि चौकट नसलेली ती तीन रंगांची पानं कुठे टाकायची? "वन डायमंडमध्ये," आबा म्हणाले. चौकट शून्य असताना वन डायमंड! आधी टू क्लबवर कोणी टू स्पेड्स म्हटलं तर काय करायचं ते पान पूर्ण करू, मग मल्टीचं बघू, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.